म्हशीनं खाल्लेली पावडर

खणेवाडीच्या शाळेत हुसेनबीचं काम म्हणजे पाणी तापवायचं, त्यात अमेरिकेहून आलेली दुधाची पावडर कालवायची आणि मधल्या सुट्टीत पोरांच्या पेल्यांत ओतायची. नवरा वारल्यावर तिला हे काम मिळालं होतं. त्याला ती नोकरी म्हणायची, आणि म्हणताना डोक्यावरचा पदर सारखा करायची.

वाडी उचगावच्या पलीकडची, कोल्हापूरपासून जवळच. वाडीत म्हशी होत्या, नाही असं नाही. पण दूध पहाटेच शहराच्या वाटेला लागायचं आणि पोरांच्या वाट्याला चहापुरतं उरायचं. एकोणीसशे अडुसष्टच्या सुमाराला अमेरिकेला म्हणे या पोरांची दया आली.

पावडर पुठ्ठ्याच्या उंच पिंपांतून यायची. पिंपावर दोन हात एकमेकांत घट्ट धरल्याचं चित्र असायचं. त्यातला एक हात अमेरिकेचा, हे मास्तरांनी पोरांना शिकवलं होतं. दुसरा कुणाचा, हे वाडीला हळूहळू समजत गेलं. तो आण्णांचा होता.

आण्णा म्हणजे शाळेच्या दूध समितीचे अध्यक्ष. या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी कुणाकडं काही मागितलं नाही. मागायची वेळ येण्याआधीच ते घेऊन टाकायचे. शाळेमागं पावडरीची खोली होती. तिची किल्ली गुंडूकडं असायची. गुंडू हा आण्णांचा भाचा, आणि त्याच्याइतका लायक माणूस समितीला तालुक्यात दुसरा सापडला नव्हता.

पहिल्या वर्षी दूध पांढरं होतं. दुसऱ्या वर्षी ते निळसर झालं. तिसऱ्या वर्षी पोरं पेल्यात तोंड बघून भांग नीट करायला लागली. आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तर पिंप यायचंच थांबलं. “वरनंच आली न्हाय,” असं गुंडू सांगायचा. वर म्हणजे नेमकं कुठं, हे विचारायची वाडीत पद्धत नव्हती.

त्याच सुमाराला पेठ वडगावच्या बाजारात बर्फी अचानक स्वस्त झाली, आणि पांढरीशुभ्र. वाडीची माणसं बाजाराला गेली की पोरांसाठी ती पुडीत बांधून आणायची. म्हणजे अमेरिकेची पावडर शेवटी पोरांच्याच पोटात जात होती. मधे फक्त थोडी साखर आणि बरेच हात लागत होते.

पण पोरं घरी जाऊन सांगत होती की दूध मिळत नाही, आणि आयांना कुणीतरी चोर पाहिजे होता. आण्णांना चोर म्हणायचं तर धाडस लागतं. हुसेनबीला म्हणायला काहीच लागत नाही.

“पोरीचं लगीन काढलंयस म्हणं,” बाळाबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाली. “रुखवतात पावडरीची पिंपं मांडणार असशील.”

“मांडते की,” हुसेनबी म्हणाली, “तू ये आन झाकण उघडून बघ.”

उत्तर तर दिलं, पण घागर तिनं अर्धीच भरून उचलली. तिच्या नजीराचं कळंब्याच्या एका घराशी जुळत आलं होतं. कळंब्याहून आठवड्यात निरोप आला, जरा चौकशी करून कळवतो. कसली चौकशी, ते निरोप आणणाऱ्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मग एक दिवस आण्णांनी तिला बोलावलं. “हुसेनबी, पुढल्या महिन्यापासनं तू येऊ नगंस. समितीला चोरीचा ठराव करावा लागणार. मला लई वाईट वाटतंय बघ.” आण्णांना खरंच वाईट वाटत असावं. ते सुपारी कातरायचे थांबले होते.

हुसेनबी कोल्हापुरात जाऊन एका कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. लाचलुचपतीच्या तक्रारी घेण्यासाठी सरकारनं ती खिडकी मुद्दाम उघडली होती आणि बहुतेक वेळ ती बंद असायची. आतल्या माणसानं तिचं सगळं शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि म्हणाला, “आता काळजी करू नका. चौकशी होईल.”

आणि खरोखर झाली. नियम असा होता की तक्रार ज्या समितीची, तिच्याच अध्यक्षाकडं ती चौकशीसाठी पाठवायची. चार दिवसांनी आण्णा कागद घेऊन हुसेनबीच्या दारात आले.

“हा अंगठा तुझाच न्हवं?”

“व्हय.”

“खात्री करून घ्यावी लागती. चौकशी हाय, चेष्टा न्हाय.” आण्णा खाटेवर बसले. दारी आलेल्या माणसाला चहा दिला पाहिजे म्हणून हुसेनबीनं चहा दिला. त्यांनी कपात डोकावून पाहिलं. “दूध?”

“वरनंच आलं न्हाय, आण्णा.”

आण्णांनी कोरा चहा प्यायला आणि चौकशी संपवली.

महिना संपत आला आणि कळलं की पावडर पाठवणाऱ्या लोकांचा एक गोरा साहेब शाळा पाहायला येतोय. वाडीत एकदम कामं सुरू झाली. शाळेला चुना लागला, कमान उभी राहिली, स्वागतगीत बसलं. आण्णांनी पोरांसाठी कुठूनतरी नवे पेले आणले. सगळं झालं. राहिली फक्त पावडर.

ती आणायची कुठून? बर्फीची पुन्हा पावडर करता येत नाही. शेवटी आण्णांनी कृष्णातला गाठलं.

कृष्णात वाडीतला गवळी. रोज पहाटे तो आपल्या दोन म्हशी शहरातल्या दुधाच्या कट्ट्यावर घेऊन जायचा. कोल्हापूरच्या माणसाचा किटलीतल्या दुधावर विश्वास नसतो. म्हैस समोर उभी पाहिजे, धार समोर निघाली पाहिजे, फेसासकट पेला हातात आला पाहिजे. कृष्णातचा आजा, बाप आणि तो, तिघांनी दुधात पाण्याचा थेंब घातला नव्हता. घालायची सोयच नव्हती, पण ते अभिमानानं सांगायचे.

“एक घागर दूध, तीन घागरी पाणी,” आण्णा म्हणाले. “पावडरीगत दिसाय पाहिजे. किटल्यांत घालून गुपचूप आणायचं.”

म्हशींचा ओला चारा आण्णांच्या मळ्यातला. कृष्णात बरं म्हणाला.

हुसेनबीला ही बातमी लागली तशी ती त्याच्या गोठ्यात गेली.

“कृष्णात, उद्या पाणी घालणार म्हणं दुधात?”

“आण्णांचं काम हाय, चाची.”

“घाल की. माझं काय जातंय? साहेब आपल्या मुलखात जाऊन सांगंल, कोल्हापूरची म्हस निळं पाणी देती म्हणून.”

“त्येला कुठं म्हाईत असणार म्हशीचं हाय ते? पावडरीचं म्हणून पाजायचंय.”

“त्येला नसंल म्हाईत,” हुसेनबी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “हिला तर म्हाईत हाय न्हवं?”

कृष्णातच्या हातातला कडबा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून उतरला. बरोबर कचेरीतला एक दुभाषा होता. बघायला सगळी वाडी शाळेत जमली होती. गळ्यात हार पडला, स्वागतगीत झालं, पोरं रिकामे पेले छातीशी धरून रांगेत उभी राहिली. चुलीवर पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं आणि हुसेनबी ते पळीनं ढवळत होती. आण्णा फाटकाकडं बघून घाम पुसत होते. किटल्या येतील तर शपथ.

आल्या त्या म्हशी. दिवाळीच्या पाडव्याला मिरवणुकीत काढतात तशा सजवलेल्या. शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग, गळ्यात कवड्यांची माळ आणि घुंगरं. मागं फेटा बांधून कृष्णात. तो कमानीखालून सरळ आत आला आणि साहेबापुढं पितळी पेला धरून उकिडवा बसला.

“पावणं, बसा. आमच्याकडं पावण्याला दूध डोळ्यांदेखत देत्यात.”

धार निघाली. साहेबानं फेसाळ पेला तोंडाला लावला आणि संपवूनच खाली ठेवला. त्याच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. ती बघून पोरांची रांग मोडली आणि सगळी पेले घेऊन म्हशींभोवती जमली. साहेब खुशीत हसला. मग त्यानं दुभाष्याला काहीतरी विचारलं.

“साहेब म्हणतायत, दूध फार छान आहे,” दुभाषा म्हणाला. “पण त्यांची पावडर कुठं आहे?”

आण्णांनी आजवर अनेक प्रश्नांना तोंड दिलं होतं, पण विचार करायला वेळ घेऊन. इथं वेळ नव्हता. त्यांची नजर म्हशीवर गेली.

“पावडर? पावडर आम्ही म्हशीला चारतो की, साहेब! त्यामुळंच तर एवढं दूध देती.”

हे साहेबाला समजावून सांगेपर्यंत कृष्णात उठून उभा राहिला होता.

“कोण पावडर खातंय?”

“गप बस, कृष्णात.”

“गप कसा? माझी गंगी सरकी खाती, पेंड खाती, कडबा खाती. तिच्या धारेत पावडर हाय म्हणता व्हय? समद्या गावादेखत?”

पोरं पाणी पिऊन घरी जात होती तेव्हा वाडी गप्प होती. हुसेनबीला चोर ठरवत होते तेव्हा वाडी बोलत होती, पण हुसेनबीविरुद्ध. आता मात्र म्हशीच्या अब्रूचा प्रश्न आला. एवढा अन्याय कुणाला सहन होणार? एकदम गलका उठला. “म्हशीला पावडर कुठनं येती, आण्णा?” “कवा चारली?” “दावा की पिंप!”

“चाची,” कृष्णात ओरडला, “तू सांग. तू दिलीस माझ्या म्हशीला पावडर?”

हुसेनबीनं पळी खाली ठेवली. “पोरांसाठी मिळंना, तुझ्या म्हशीला कुठली देऊ? ती खोली उघडा. आन मग माझं घर उघडा. साहेबानं बघू दे, समद्यांनी बघा.”

गुंडूची किल्ली नेमकी त्या दिवशी हरवली होती. कृष्णातनं दाराला खांदा दिला. दार फारसं भांडलं नाही. आत पावडर नव्हती. आढ्यापर्यंत गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या, भाव चढायची वाट बघत. आण्णांचं गुऱ्हाळ वाडीला पाठ होतं, आणि ढेपाही. खाली मुंग्या लागू नयेत म्हणून रिकामी पिंपं आडवी घातली होती. ते दोन हात अजून एकमेकांना धरूनच होते. दुभाष्याला आण्णांच्या बाजूनं काही बोलायचं होतं, पण गूळ समोर होता आणि साहेबाला डोळे होते.

मग हुसेनबीनं सगळ्यांना आपल्या घरी नेलं. साहेब दारात वाकून, ओशाळून उभा राहिला. तिनं एकेक डबा उघडला. ज्वारी, मीठ, चटणी. नजीराच्या लग्नाची ट्रंक उघडली. आत दोन लुगडी.

“पुरे की गं,” बाळाबाई मान खाली घालून म्हणाली. “झाक आता.”

“थांब. उतरंड ऱ्हायली,” हुसेनबी म्हणाली, आणि उतरंडीतलं शेवटचं मडकंसुद्धा पालथं करून दाखवलं.

मग न्याय झाला. गुंडूची बदली झाली, शाळेच्या खोलीवरून सोसायटीच्या गोदामावर. आण्णांनी प्रकृतीच्या कारणानं राजीनामा दिला आणि पुढच्याच महिन्यात ते वृक्षारोपण समितीचे अध्यक्ष झाले. साहेबानं अहवालात लिहिलं म्हणे, की खणेवाडीत म्हशीचं उत्तम दूध मुबलक आहे, तिथं पावडरीची गरज दिसत नाही. त्यामुळं पावडर कायमची बंद झाली, आणि कालवायला काही उरलं नाही म्हणून हुसेनबीची नोकरीही गेली.

कमी केल्याचा कागद तिनं मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घेतला, तोही नळावर. “काम नसल्यामुळे,” मास्तर वाचत होते.

“चोरी असं कुठं हाय का बघा.”

“नाही.”

“परत एकदा वाचा. बाळाबाईला नीट आयकू येत न्हाय.”

बाळाबाईनं तिची घागर भरून दिली, काठोकाठ.

कळंब्याची माणसं चौकशी पुरी झाली म्हणून कळवायला स्वतःच आली. लग्नाच्या सकाळी शिरकुर्म्याला दूध पाहिजे होतं. कृष्णात आण्णांचा चारा बंद झाल्यापासून म्हशी ओढ्याकाठी चारत होता, जरा वाळल्याही होत्या. पण शिंगं रंगवून त्यानं दोघींना मांडवाच्या दारात उभं केलं आणि व्याह्यांना हाक मारली.

“या पावणं, म्होरं या. डोळ्यांनी बघून घ्या. परत म्हणाल, चाचीनं पावडर घातली.”

व्याही हसले. हुसेनबी पातेलं घेऊन आली, ते उपडं करून रिकामं असल्याचं तिनं सगळ्यांना दाखवलं, आणि मग धारेखाली धरलं.