ब्रशला चिकटलेला तुकडा

ग्रुपवरच्या मंडळींनो, सायबर कॅफेतून लिहितेय. घरी जायचा धीर होत नाही.

आमच्या लॅबमध्ये मेणात बसवलेल्या बायोप्सीचे पातळ काप ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडतात, मग काचेवर घेतात. दर पेशंटनंतर ब्रश पुसायचा असतो.

आज डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून पाहता पाहता विचारलं, "या निरोगी जठराशेजारी कॅन्सरचा तुकडा कुणाचा?"

आजचे सगळे ब्लॉक, म्हणजे ते मेणाचे ठोकळे, पुन्हा कापून पाहिले. कुणालाच कॅन्सर नव्हता.

"स्वल्प, जरा आठव. काल शेवटी ब्रश पुसलास ना?" आमच्या सीनियर रत्नाक्कांनी हळूच विचारलं.

मला आठवेना.

कालचे सगळे रिपोर्ट 'कॅन्सर नाही' म्हणून गेलेत. होसकोट्याच्या एक आजी तर आपला रिपोर्ट घेऊन माझ्या हातावर म्हैसूरपाक ठेवून गेल्या.

तो अजून डब्यात आहे. तुम्ही खाल्ला असता?