आबांचं ठिबक

“घाल तेल! हात आखडू नको, आज मी तीन गोया खाल्ल्यात!”

फैजपूरच्या शिवारात, केळीच्या बागेच्या बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी भाजली जात होती, आणि माझे चुलतसासरे कढईशेजारी उभे राहून असे ओरडत होते, की सातपुड्यापलीकडे कुणी भरीत करत असेल तर त्याच्याही हातून पळीभर तेल जास्त पडलं असावं. आबांच्या बोलीत ‘ळ’ला थारा नाही. केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीची गोयी. ही गोयी म्हणजे त्यांच्या लेखी भरिताचा परवाना होता. जेवढं तेल, तेवढ्या गोया.

ठिबकवर बाग करणारे शेतकरी खानदेशात घरोघर सापडतील, पण देवाने अख्खं जगच ठिबकवर चालवलेलं आहे अशी खात्री असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच. आबांना कुठलीही अडचण सांगा, ते आधी नळी कुठे चोक झाली ते शोधतात. धुळ्याला देवपुरात त्यांचा थोरला जावई राहतो. त्याचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा आबांनी त्याला अंगणात उन्हात बसवलं, टाळूवरून बोट फिरवलं आणि पाणी सगळीकडे सारखं पोचत नसल्याचं निदान केलं. जावई तेव्हापासून सासरे आले की टोपी घालतो. आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरी आले तर चहाच्या आधी बाथरूममधला शॉवर उतरवून त्याची भोकं सुईने मोकळी करतात. एकदा उत्साहाच्या भरात शेजाऱ्यांचाही शॉवर उतरवला. शेजारी त्या वेळी त्याखाली उभे होते, एवढीच काय ती गैरसोय.

भरीत मात्र अक्कांचं. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. आबा न्याहारीपर्यंत जेवढं बोलतात तेवढं अक्का वर्षभरात बोलत नाहीत. त्यांच्या हाताला मुळी गर्दीचंच माप आहे. जेवायला चौघं असोत की चाळीस, अक्का वांगी पोत्यानेच भाजतात आणि मग आबा बांधावर उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसांना ओढून आणतात. त्या पंगतीत जेवून गेलेला एक ट्रकवाला अजून दर हिवाळ्यात वाट वाकडी करून येतो.

तर मागल्या वर्षी आबांच्या छातीत कळ आली. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिनीत स्टेंट बसवला, पुढचं संकट टळावं म्हणून रोज रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी लिहून दिली आणि नीट बजावलं, की आपल्या मनाने ती कमी-जास्त करायची नाही, दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी मला विचारायचं, आणि विनाकारण अंग दुखायला लागलं किंवा लघवीचा रंग गडद झाला तर त्याच दिवशी कळवायचं. आबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. आबा मान हलवतात तेव्हा ऐकत नसतात, हे त्यांच्या गोठ्यातल्या बैलालाही ठाऊक आहे.

त्यांच्या डोक्यात केव्हाच भाषांतर झालं होतं. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की शेतकरी पाण्यातून ऍसिड सोडतात, काही वेळ मुरू देतात, मग नळ्यांची टोकं उघडतात. तांबूस, गढूळ पाणी भळाभळा बाहेर येतं आणि बाग पुन्हा प्यायला लागते. आबांनी ठरवलं, गोळी म्हणजे ऍसिड. मग भरिताच्या हंगामात, नळीत रोजच तेल जात असताना, एका गोळीने काय होणार? रोजच्या दोन झाल्या, पार्टीच्या दिवशी तीन. त्यात खोकला झाला. घरातल्या डब्यात कुणाची तरी उरलेली अँटिबायोटिक्स होती, तीही पोटात गेली. ऍसिडला जोड मिळाली म्हणून आबा खूष.

एका पार्टीत पंगत उठली आणि आबा उठेनात. दुसऱ्या पंगतीलाही आपणच बसणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. तिसऱ्या पंगतीलाही तेच सांगायला लागले तेव्हा अक्कांनी दोन गड्यांना खूण केली आणि आबांना उचलून खाटेवर ठेवण्यात आलं. मांड्यांचं लाकूड झालं होतं. आबा म्हणाले, नळ्या ताणल्या जात आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. आवाजात लॉटरी लागल्याचा आनंद होता.

“जावईबापू, नयी साफ झाली. लघवी पार चहासारखी व्हते. बठ्ठा कचरा निघू राह्यला.”

माझ्या हातातून ब्रश पडला. तीच गोळी मीही घेतो, रोज एक, आणि मला त्रास काही नाही. पण त्याच डॉक्टरीणबाईंनी तो रंग माझ्याही कानी घातला होता. आबांशी वाद घालण्यात दिवस गेला असता, म्हणून मी सरळ थाप मारली. म्हटलं, असा निकाल डॉक्टरीणबाईंनी आजवर पाहिलेला नसेल, आत्ताच्या आत्ता दाखवायला चला. आबा अक्कांना घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून, पुढच्या सीटवर नमुन्याची बाटली मांडीवर धरून जळगावला आले. प्रदर्शनात घड न्यावा तशी.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली आणि त्या उभ्याच राहिल्या.

“आबा, हा नळीतला कचरा नाही. तुमच्या मांड्यांचे स्नायू तुटून रक्तात उतरलेत आणि त्यामुळे तुमची मूत्रपिंडं चोक व्हायला आलीत.”

गोळी बंद झाली, सलाईन सुरू झालं. म्हणजे शेवटी आबांनाच ठिबक लागलं. पण पडल्या पडल्याही ते थेंबांकडे टक लावून, नळीचा डिस्चार्ज कमी आहे अशी तक्रार नर्सबाईंकडे करत होते. एकदा तर त्यांनी स्वतःच्या हाताने चाक फिरवून ‘वाढवलं’, तेव्हापासून त्यांचा मोकळा हात अक्कांनी धरून ठेवला. पलंगाखाली लघवीची पिशवी होती. मी आणि अक्का तिच्याकडेच बघत बसायचो. रंग चहाचा होता, मग पातळ चहाचा झाला. ज्या दिवशी पिशवीत उसाच्या रसासारखं काहीतरी दिसलं, त्या दिवशी अक्कांनी आबांचा हात सोडला आणि त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

आज आबा रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेतात. वेगळी, कमी ताकदीची, रक्त तपासत तपासत सुरू केलेली. भरिताला पळीभरच तेल. कुणी औषध सुचवलं तर आधी जळगावला फोन. डॉक्टरीणबाईंना वाटतं, हे त्यांच्या समजावण्याने झालं. समजावलं त्यांनी छानच. म्हणाल्या, गोळी नळी खरवडत नाही, ती विहिरीतच क्षार कमी करते, म्हणून रोज थोडी लागते. आणि फवारणीच्या पंपात दोन औषधं एकत्र करताना तुम्ही दहा जणांना विचारता, मग पोटात करताना कुणालाच का विचारलं नाही? असा त्रास क्वचित होतो, पण गोळीच सोडली तर स्टेंटची धडगत नाही.

पण मी तिथे होतो. आबा बरे होऊन घरी जायला निघाले होते आणि पुन्हा गोळीचं नाव निघताच वॉर्ड हादरेल असे कडाडले, की ज्या गोयीनं मले लोयवलं ते मी पुन्हा तोंडात घेनार नाही. शेजारच्या पलंगावरचा माणूस त्या आवाजाने उठून बसला. नर्सबाई म्हणाल्या, आल्यापासून तो पहिल्यांदाच उठला. मग दम लागला तसा आबांचा आवाज खाली आला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवून विचारलं, “अन् नाही घेतली तं काय व्हईन?”

डॉक्टरीणबाई उत्तर द्यायला पुढे झाल्या. अक्का मोसंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मले एकटीपुरतं भरीत करता येत नाही,” त्या म्हणाल्या.