अक्काताईंची म्हैस आणि गुरुवारची बैठक

उचगावात आमच्या अंगणवाडीच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी बाळंतिणी जमतात. मी गावची आशा कार्यकर्ती, सगळ्यांची आशाताई. चहा मी करते आणि बडबडही मीच करते! माझ्या रजिस्टरात 'अंगावर पाजते : होय / नाही' एवढाच रकाना आहे. बाकीचं लिहायचं कुठं? ते सगळं माझ्या पोटात साठत जातं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तेव्हा ऐकाच.

*

अक्काताई म्हणजे आमच्या गल्लीचा लाऊडस्पीकर. गोठ्यात चार म्हशी, दोन्ही वेळ डेअरीला दूध. सून रूपाली पहिलटकरीण, सातवा सरलेला. तिला घेऊन बैठकीला आल्या त्या भांडायलाच.

"पाजायला शिकवायचं काय त्यात? आमच्या म्हशीस्नी कोण शिकीवलंय?"

मी आपलं नेहमीचं सुरू केलं. पहिला चीक फार मोलाचा, पिळून टाकायचा नाही.

"टाकतंय कोण?" अक्काताई कडाडल्या. "आमी खरवस करतोय की!"

खोलीतल्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी! रूपालीनं तर पदरात तोंड लपवलं.

*

पंधरा दिवसांत रूपाली बाळंत झाली. मुलगी, जेमतेम दीड किलोची. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला आईचंच दूध पाहिजे. चमचाभर निघालं तरी आणा."

पुढं रूपालीला घरी सोडलं, लेक तिकडंच. आणि दूध काही येईना. घरात पाच बाया बसलेल्या, पाच तऱ्हेचे सल्ले. वर अक्काताई दर पाच मिनिटांनी उंबऱ्यातनं ओरडायच्या, "आलं का गं? किती आलं?"

मी गरम फडक्यानं शेकलं, हातानं काढायचं कसं ते दाखवलं. वाटीचा तळसुद्धा भिजला नाही.

"ताई, माझ्या लेकीचं कसं हुणार ओ?" रूपालीनं विचारलं. मी फडकं पुन्हा गरम करायला घेतलं.

*

त्याच संध्याकाळी मी गोठ्याच्या दारात टेकले होते. अक्काताई धारेला बसल्या. तेवढ्यात बाळाची चौकशी करायला गल्लीतली चार माणसं आत शिरली, मागनं पोरंटोरं. म्हशीनं शेपटी झाडली, पाय हलवला आणि धार बंद!

"व्हा भायेर समदी! म्हस पान्हा चोरतीया, दिसत न्हाय व्हय..."

आणि अक्काताईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग घराकडं. बादली तिथंच ठेवली आणि तरातरा आत गेल्या.

पाचही बायांना हाताला धरून बाहेर काढलं. दवाखान्यातनं धुवायला आणलेलं, लेकीच्या वासाचं दुपटं रूपालीच्या मांडीवर ठेवलं. दार ओढून घेतलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर बसल्या. गप्प! लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून पहिल्यांदा त्या गप्प बसल्या असतील.

अर्ध्या तासानं आतनं हाक आली, "आत्ती..."

अर्धी वाटी भरली होती. बादलीनं दूध डेअरीला घालणारी ही बाई ती वाटी दोन्ही हातांत धरून हमसून हमसून रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात? त्या संध्याकाळी त्या घरचं दूध डेअरीला गेलंच नाही.

*

रूपालीचा नवरा विकास तालमीतला गडी. रोज सकाळी बर्फाच्या डब्यात दूध घेऊन मोटरसायकलवरनं दवाखान्यात जायचा. चौकात दोस्तांनी अडवलं.

"पैलवान, खुराक घिऊन कुठं निघालाय?"

"माझा न्हाय रं, लेकीचा हाय!"

दुसऱ्या दिवसापासनं चौकातली पोरं त्याची गाडी दिसली की आडव्या लावलेल्या गाड्या बाजूला घ्यायची. आमच्या चौकात ॲम्ब्युलन्सलासुद्धा हॉर्न मारावा लागतो हो!

*

तीन आठवड्यांनी लेक घरी आली. चांगली ओढून प्यायला लागली होती, पण खुट्ट झालं की दचकायची आणि सोडून द्यायची. अक्काताईंनी गल्लीभर फिरून सांगितलं. शेजारचा टीव्ही बंद, समोरची पिठाची गिरणी बंद. गिरणीवाला दारात उभा राहून खुणेनंच विचारत होता, "चालू करू?" अक्काताई उंबऱ्यातनं हातानंच म्हणत होत्या, "थांब."

आत लेक पीत होती. बाहेर दळणाचे डबे घेऊन बाया उभ्या होत्या, एकीनंही कुरकूर केली नाही. आपली ही माणसं, एवढी भांडकुदळ, आणि एका वीतभर पोरीसाठी श्वास धरून उभी!

लेकीनं ढेकर दिला आणि गिरणी सुरू झाली.

*

परवाच्या गुरुवारची गोष्ट. जयसिंगपूरहून माहेरी आलेली एक नवी बाळंतीण कोपऱ्यात बसली होती. तिची सासू बाळाला बघायला येऊन इथंच राहिलेली, ती डोक्यावर उभी.

"हिला दूधच न्हाय, ताई. आट दीस झालं, नुसतं वरडून वरडून सांगालोय, बस पाजाय, बस पाजाय!"

पोरीच्या डोळ्यांतनं पाणी टपटप बाळाच्या टोपड्यावर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काताई उठल्या. नात माझ्या मांडीवर दिली, पदर खोचला आणि त्या सासूचा हात धरला.

"चला पावणं," अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "धारंची येळ झालीया. आमची म्हस बघाय चला."