आप्पांच्या खड्याच्या रंगाची साडी

आप्पांच्या बोटात पिरोज्याची अंगठी होती. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर कामाला, आणि ही अंगठी त्यांनी गड्ड्याच्या जत्रेत एका खडेवाल्याकडून घेतलेली. माणसावरचं संकट हा खडा स्वतःवर घेतो, असं त्याने सांगितलं म्हणे. घेतला तेव्हा खडा आभाळासारखा निळा होता, असं आई सांगते. मी पाहिला तो हिरवाच. घाम, साबण, डोक्याचं खोबरेल, सगळं त्याने पिऊन टाकलं होतं. "बिघडला की वो तुमचा खडा," आई चिडवायची. "बिघडला न्हाय, माझा झाला," आप्पा म्हणायचे. संकट कसलं घेतोय डोंबलाचं! गेल्या वर्षी आप्पा गेले आणि आम्ही साबण लावून ती अंगठी त्यांच्या बोटातून काढली.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा साड्या घ्यायला आई माझ्याबरोबर आली. दुकानात तिने कमरेचा बटवा उघडला, अंगठी गादीवर ठेवली आणि म्हणाली, "ह्या रंगाची दाखवा." दुकानदाराने ढीगभर साड्या उलगडल्या. एका साडीवर अंगठी ठेवली तर खडा कुठला आणि कापड कुठलं कळेना. "ही फिरोजी, मावशी," तो म्हणाला. आप्पा गेल्यापासून आईने स्वतःहून काही मागितलं ते हेच.

लग्नाला होटगीहून आत्या आली, आप्पांची धाकटी बहीण. ती फार लवकर विधवा झाली. तेव्हापासून तिच्या अंगावर मी फिकी साडीच पाहिली आहे. हळदीच्या सकाळी आईने फिरोजी साडी पलंगावर काढून ठेवली होती.

"वयनी, हिरवी? आन् तुमी नेसनार?" आत्या म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

नवरा गेला की बाईने हिरवा चुडा, हिरवं लुगडं सोडायचं, ही आमच्याकडची रीत. माझं डोकंच फिरलं. "आत्या, डोळे तपासून घे. फिरोजी हाय ती. फिरोजी म्हंजे निळाच की!" मी साडी घेऊन अंगणात उन्हात धरली, आलेल्या बायकांना साक्षीला ओढलं. कुणी निळी म्हणाली, कुणी हिरवी, एक तर मोरपंखी म्हणून मोकळी झाली. आईने माझ्या हातातून साडी घेतली आणि आत जाऊन तिची घडी घालायला लागली. ती मला एवढी एवढीशी दिसली. आप्पा गेले त्या दिवशीसुद्धा ती अशी दिसली नव्हती.

"आई, निळी हाय म्हन की एकदा!" मी मागोमाग आत जाऊन ओरडले.

आईचे हात थांबले.

"न्हाय. हिरवीच हाय. हिरवी म्हनूनच घेतली मी. आन् वन्सं, मी ती नेसनार हाय."

आईने दार लोटलं आणि आमच्या दोघींच्या देखत नेसायला लागली. निऱ्या सारख्या निसटत होत्या. आत्या उठली. मला वाटलं, आता ही चार शब्द ऐकवणार. ती आईच्या पायाशी बसली, निऱ्या हातात धरल्या, एकेक सारखी केली. मान वर न करता म्हणाली,

"मी तर पोरगीच व्हते, वयनी. मला कुनीच म्हटलं न्हाय, नेस म्हनून."