मनुकांच्या वाइनची शिकवणी

मी इंटरला असताना इंग्रजीच्या तासाला एक उतारा आला. त्यात एक साहेब वाइनचा घोट तोंडात घोळवतो आणि ती डोंगराच्या कुठल्या बाजूच्या द्राक्षांची, ते सांगतो. हे त्याला कसं कळलं असेल, असं सरांनी मला विचारलं. मी उभा राहून म्हणालो, "सर, बाटलीवर लिहिलं असेल."

वर्ग हसला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्ग हसला की मला वाटायचं, ही गोष्ट बाकीच्यांना घरी शिकवलेली असणार, आमच्याकडेच राहून गेली.

तास सुटल्यावर मी शेजारच्या मित्राला अगदी मनापासून विचारलं, "वाइनची चव घ्यायला कुठे शिकवतात रे?"

"येडा आहेस काय?" तो म्हणाला. तो गोराईच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला. "आमच्याकडे ये. आई घरीच करते. नाताळ झाला की बहिणीचं लग्न आहे, त्यामुळे यंदा जास्तच केलीय."

दारूबंदीचे दिवस होते. घाटकोपरला घरी मी सांगितलं, मित्राकडे शिकायला जातो. माझ्या मते ते खोटं नव्हतं.

रविवारी बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली. गोराईत द्राक्षांचे वेल असतील अशी माझी समजूत होती. दिसले ते वाळत घातलेले बोंबील. वाइन होती काळ्या मनुकांची, मागच्या खोलीत, तोंडाला फडकं बांधलेल्या चिनी मातीच्या बरण्यांत.

मित्राच्या आईला मी मावशी म्हणायचो. "आधी वास घे," त्या म्हणाल्या. "मग थोडी जिभेवर. घाई नको."

उताऱ्यातला साहेब घोट थुंकून टाकतो, म्हणून मीही खिडकीबाहेर थुंकलो.

"अरे, टाकतोस काय? रेशनची साखर वर्षभर साठवलीय मी!"

त्यानंतर मी प्रत्येक घोट गिळला. परतताना होडी फक्त माझ्याच बाजूने का हलतेय, ते मला कळेना.

असे तीन-चार रविवार गेले. पण माझी एक अडचण होती. समोर आलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा आमच्या घरचा नियम. करपलेली भाकरीसुद्धा आम्ही चांगली झाली म्हणून खायचो. मावशींनी काहीही दिलं की मी म्हणायचो, "छान आहे." आंबलेली, कोवळी, गोड, सगळ्या छान.

"पोराला जीभ आहे हां," मावशी म्हणायच्या. मी फुगायचो.

लग्नाच्या आदल्या रविवारी मावशींना जबर सर्दी झाली होती. वास नाही, चव नाही. लग्नासाठी कुठली बरणी उघडायची ते तर ठरवायलाच हवं होतं. शेजाऱ्यांना आधी चाखवायला त्या तयार नव्हत्या. नवरीने लग्नाआधी तोंड लावायचं नाही, असा त्यांचा दंडक. आणि मावशींचा स्वतःचा नवरा, मुलगा? "या दोघांना खोकल्याचं औषध दिलं तरी दुसरा ग्लास मागतील." म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

दोन लहान बरण्या नेहमीसारख्या होत्या. मग खास लग्नासाठी घातलेल्या मोठ्या बरणीतली वाइन मी तोंडात घेतली आणि कानामागे झिणझिण्या आल्या. तो सरळ सिरका होता.

"कशी?"

"छान आहे. जरा... वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

"लोणच्याची आठवण येते. पण चांगल्या लोणच्याची."

दारात उभी असलेली नवरी आत आली. "ए कॉलेजवाल्या, तुला दुसरा शब्द येतो की नाही? माझं लग्न आहे. सासरची माणसं पिणार आहेत. खरं सांग ना!"

मी मावशींकडे पाहिलं. लाल नाकाने त्या माझ्याकडेच बघत होत्या. कोणी वाढलेल्या वस्तूला वाईट म्हणायला माझं तोंड उघडेना. शेवटी जमिनीकडे बघत म्हणालो, "बिघडलीय, मावशी. नाही पिण्यासारखी."

त्यांनी बरणीवर फडकं पुन्हा बांधलं, गाठ नीट आवळली. मग पदराने नाक पुसून मुलाला म्हणाल्या, "डुकराच्या मटणात घालायला होईल. आता पाहुण्यांना लहान ग्लास काढायचे."

लग्नात वाइन ओतायचं काम मावशींनी मलाच दिलं. ग्लास अर्धा बघून जो तो विचारायचा, "एवढीच?" आणि मावशी माझ्याकडे बोट दाखवायच्या, "मोठी बरणी यानेच नापास केली."

एक म्हातारे गृहस्थ मला कोपऱ्यात घेऊन गेले. "कोणी सांगितलं होतं रे तुला खरं बोलायला? आम्ही प्यायलो असतो ती!"

तेवढ्यात सासरच्या मंडळींसोबत बसलेल्या नवरीने मला खुणेने बोलावलं. तिच्या सासऱ्यांनी ग्लास रिकामा करून पुढे धरला होता. मी तो काठोकाठ भरला. मावशी मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.