भिंगऱ्याचा डावा कान

शिवकन्या लहानपणापासून मनात धरून ठेवणारी. कुणी एक शब्द वाकडा बोललं तर तो तिच्या पोटात तसाच राहायचा. आई बानूबाई म्हणायची, हिचा राग म्हणजे गोवरीचा विस्तव, वरून नुसती राख दिसते. मानवतच्या बसस्टँडाजवळ एका दुकानात शिवकन्या लोकांना वेबसाइट करून द्यायची. धनगराची पोरगी कंप्युटरवर बसते याचं गावात कौतुक होतं, पण तिला कौतुकाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला एका माणसाचा हिशेब चुकता करायचा होता, आणि तो माणूस एक दिवस आपल्या पायांनी दुकानात चालत आला.

हा किशनराव. पोखर्णीच्या रस्त्याला त्याची मोठी जमीन. काही वर्षांमागे शिवकन्याचा बाप उमाजी याने त्या जमिनीत मेंढ्या बसवल्या होत्या. ही आपल्याकडची जुनी रीत. रान मोकळं झालं की धनगर रात्रीचा कळप शेतात बसवतो, शेताला लेंड्यांचं खत मिळतं आणि धनगराला ज्वारी. कळपाभोवती जाळ्याचं कुंपण लावतात, त्याला वाघूर म्हणतात. शेजारच्या तुकड्यात किशनरावाचा हरभरा उभा होता, आणि एका सकाळी त्यातला बराचसा फस्त झालेला दिसला. वाघूर जागची हलली नव्हती. हरभऱ्यात उमटलेले खूर बैलांचे होते आणि बैल किशनरावाचेच होते. तरी त्याने चार माणसांत उमाजीला चोर म्हटलं, आणि नुकसानीपोटी म्हणून कळपातला सगळ्यात देखणा एडका, भिंगऱ्या, सोडून नेला. त्या एडक्यावर त्याचा आधीपासूनच डोळा होता.

त्या दिवसापासून उमाजी बाजाराला जायचा बंद झाला. ज्याच्या एका हाळीवर अख्खा कळप वळायचा, तो माणूस घरातसुद्धा हळू बोलायला लागला. शिवकन्याला सगळ्यात जास्त हेच झोंबलं. तिकडे भिंगऱ्याने जनावरांच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढला, तोही किशनरावाच्या घरच्या पैदाशीचा म्हणून.

आता किशनरावाला आपल्या मेंढीपालन केंद्राची वेबसाइट हवी होती. त्याने शिवकन्याला ओळखलं नाही. मेंढ्या बसवणाऱ्याच्या पोरीकडे त्याने कधी नीट बघितलंच नव्हतं. साइट उघडताच मोठाले फोटो एकामागून एक सरकत गेले पाहिजेत, आणि नवे फोटो आपले आपल्याला टाकता आले पाहिजेत, दर वेळी मानवतला खेटे नकोत, असं त्याचं म्हणणं. शिवकन्या म्हणाली, होईल. तिने सर्व्हरवर कोड लिहिला. किशनरावाने मोबाइलवरून फोटो टाकला की तो एका फोल्डरात जाऊन पडायचा, कोड ते फोल्डर उघडून बघायचा आणि जे सापडेल ते पानावर आणून फिरवायचा. इथवर कुणीही केलं असतं.

मग किशनरावाने पहिला फोटो टाकला आणि तिच्यासमोर भिंगऱ्या उभा राहिला. उजव्या कानात किशनरावाचा पिवळा बिल्ला. डाव्या कानाच्या कडेला दोन खाचा. भिंगऱ्या कोकरू असताना उमाजीने त्या कापलेल्या, आणि त्याचं डोकं मांडीवर धरून शिवकन्या बसली होती. धनगरांत प्रत्येक घराची अशी कानाची खूण वेगळी असते. दोन कळप मिसळले तर तिच्यावरून आपापली जनावरं वेगळी काढतात, त्यात कधी भांडण होत नाही. किशनराव जन्मभर मेंढ्यांच्या खतावर पिकं काढत आला, पण हे त्याच्या गावीही नव्हतं. बिल्ला ठोकला की मालकी झाली, अशी त्याची समजूत. त्या कानाला काय झालं, असं शिवकन्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो म्हणाला, लहानपणी कुत्रं चावलंय.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडावर मात्र तिने काही दिसू दिलं नाही. त्याच दुपारी तिने कोडात भर घातली. आता सर्व्हर एकाच फोटोचे तुकडे पाडून पाठवायचा. आधी अख्खा एडका, मग छातीपासून वर, मग नुसतं तोंड, आणि शेवटी सगळा पडदा भरून डावा कान. खोटं त्यात काहीच नव्हतं, फोटो किशनरावाचाच होता. त्याने दुकानात येऊन ते पाहिलं आणि खूश झाला. सिनेमासारखं दिसायलंय म्हणाला. साइटच्या उद्घाटनाला आपल्या रानातल्या मांडवात मोठा पडदा लावायचं त्यानेच ठरवलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालेल्या माणसाला शिवकन्या कशाला अडवते?

भिंगऱ्याची पिल्लं विकायची होती, म्हणून किशनरावाने गावोगावचे धनगर बोलावले. उमाजी त्या बांधावर पाय ठेवायला तयार नव्हता. शेवटी रामहरी, ज्याचा शब्द सगळ्या जातभाईंत चालतो असा म्हातारा, त्याला हाताला धरून घेऊन आला. दोघं सगळ्यात मागे उभे राहिले. शिवकन्या पडद्याजवळ लॅपटॉप घेऊन बसली.

पडद्यावर एडका आला तशी मंडळी वा वा करू लागली. छाती आली, तोंड आलं. कान आला आणि मांडवातली बोलणी थांबली. फोटो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, पुन्हा कानाशी येऊन पोचले. रामहरी मागून पुढे येऊन स्टेजजवळ बांधलेल्या भिंगऱ्यापाशी गेला. त्याचा डावा कान हातात धरून त्याने खाचांवरून बोट फिरवलं आणि किशनरावाला विचारलं, एडका कुणाचा. किशनराव हसला आणि त्याने कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्याच्यासोबत कुणीच हसलं नाही.

"कुत्रं असं मापून चावत न्हाई," रामहरी म्हणाला. "ही खूण उमाजीच्या घरची हाय. आता तुमच्या रानात कुणाचाच कळप बसायचा न्हाई."

धनगर एकेक करून उठायला लागले. कळप नाही म्हणजे खत नाही आणि पिल्लांना गिऱ्हाईकही नाही, एवढं गणित किशनरावाला येत होतं. त्याने घाईघाईने माइक घेतला, एडका उमाजीचाच हाय म्हणून कबूल केलं आणि दावं सोडून न्यायला सांगितलं. लोक परत खाली बसले. सगळ्यांना वाटलं, फैसला झाला. शिवकन्याला तसं वाटलं नाही. एडका परत आला, पण चोर हा शब्द अजून बापाच्या अंगावर तसाच होता.

किशनराव तिच्यापाशी येऊन दातओठ खात म्हणाला, ते आधी बंद कर.

शिवकन्या उभी राहिली. "मी उमाजीची लेक हाय, मालक. हरभऱ्याचं बी सांगा, मंग बंद करते."

आता पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट बघितलं. त्याच्या मागे पडद्यावर कान आला, गेला, पुन्हा आला. तिला त्याची दया आली नाही. उलट लय दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. किशनरावाने माइक तोंडाजवळ नेला.

"हरभरा माझ्याच बैलांनी खाल्ला व्हता. उमाजी चोर न्हाई."

"मागं ऐकू गेलं न्हाई, मालक," शिवकन्या म्हणाली. "परत सांगा."

मागे नीट ऐकू गेलं होतं. किशनरावाने परत सांगितलं, आणि मग तिने लॅपटॉप मिटला.