हिंट न देणारी वनमाला

वनमालाला मी कॉलेजपासून ओळखते, तेव्हा तिच्याबद्दल खरं लिहायचा हक्क मला आहे. तिला राग आला तर येऊ दे.

आर्वीची ही मुलगी मामाकडे शिकायला म्हणून रायपूरला आली, रेल्वेतल्या यशवंतरावांशी लग्न करून पुरानी बस्तीत आमच्या समोरच्या घरात राहिली, आणि माहेरची भुलाबाई तिनं आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रुजवली. भादव्यातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी भुलाबाईची गाणी म्हणायची आणि मग झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. त्या खाऊला खिरापत म्हणतात. डबा हलवायचा, हुंगायचा, उघडायचा मात्र नाही. ओळखता आलं नाही तर तोंडानं ‘हरले’ म्हणायचं, मगच झाकण निघतं.

ह्या खेळात वनमालाला कुणी हरवलं नव्हतं. बुडाला तळहात लावायची, झाकणाच्या कडेशी नाक न्यायची, एकदाच हलवायची आणि म्हणायची, “खोबऱ्याची वडी. साखरेची. अन् तुझी आई वेलची टाकायले विसरली.” पोरी खाऊ फडक्यात गुंडाळून आणत, तरी ओळखायची. स्वतःच्या डब्याबद्दल मात्र कधी कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. पोरी रडल्या तरी नाही. “मी हरले की हा पितळी डबा तुमचा,” असं ती दरवर्षी जाहीर करायची आणि डबा दरवर्षी तिच्याच फळीवर राहायचा.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि पडून पडून कंटाळेल म्हणून मुलानं, पुष्करनं, तिला मोठा फोन आणून दिला. त्यात एक खेळ होता. तीन सारखी फुलं जुळवली की ती गायब होतात. बरीच फुलं गायब केली की एका फिकट चित्राचा एक तुकडा रंगीत होतो. सगळे तुकडे झाले की चित्र अल्बममध्ये जातं. झालं. ह्याला म्हणे कोडं म्हणायचं. तीन फुलं शेजारी ठेवली की तो फोन ‘अद्भुत’ म्हणतो. अडलात तर केसांच्या तेलाची जाहिरात बघा, हिंट घ्या, पुढे चला. माणसाला हरूच देत नाही, ते कसलं कोडं? ते नुसते लाड.

“हे पाय माझं कलेक्शन,” म्हणून तिनं एकदा मला बसवून घेतलं. तळ्यातले राजहंस, बर्फातली झोपडी, चहाच्या कपात बसलेलं मांजर. एक बाई व्हायोलिन वाजवत होती.

“हिला सहा बोटं आहेत,” मी म्हटलं.

“असतात वं कोणाकोणाले.”

“दुसऱ्या हातालाही?”

“तू काहून मोजून राहिली? चित्र पाय ना.”

चित्र काय बघणार? कुणी मन लावून काढलेलं असतं तर बघितलं असतं.

ह्या वर्षी पुष्कर आणि सूनबाईनं निधीला दसरा-कोजागिरीच्या सुट्टीत आजीकडे सोडलं. दहा वर्षांची पोर. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर तिला खेळायला कुणी नसतं, म्हणून मोठ्या हौसेनं आली. मी जावं तेव्हा ती काहीतरी हातात घेऊन आजीच्या खुर्चीशी उभी, आणि आजी म्हणतेय, “थांब वं पोट्टी, एवढं चित्र होऊ दे.” नेमका तेव्हाच कुठलासा खास अल्बम सुरू होता. कोजागिरीच्या रात्री तो बंद होणार होता आणि एका चित्राचा कोपरा तेवढा राहिला होता.

कोजागिरीच्या संध्याकाळी पोरी जमल्या. वनमाला ओठांनी गाणं म्हणत होती आणि अंगठ्यानं फुलं जुळवत होती. एका चिमुरडीनं वनमालाचा डबा हलवला तोच ही मान वर न करता म्हणाली, “पांढरं आहे, गोल आहे.”

“वनमाला, तू हिंट दिलीस,” मी म्हटलं.

“लहान आहे वं ते.”

तेवढ्यात फोनची बॅटरी उतरली. यशवंतराव फोन आत नेऊन चार्जिंगला लावून आले. “त्यालेही जरा दम खाऊ द्या,” म्हणाले.

खाऊ वाटून झाला, आणि थोड्या वेळानं निधी आतून तोच पितळी डबा घेऊन आली. “आजी, अब मेरी खिरापत.”

वनमालानं बुडाला हात लावला. “गरम आहे. आत्ताच काढलं. पुरणपोळी?”

“नहीं.”

हलवलं. आत काहीतरी जड, एकच, घसरलं. “वडीचा तुकडा मोठा?”

“नहीं.”

हुंगलं. वास नाही. पुन्हा हुंगलं. पोरी खुसखुसायला लागल्या. आणि आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते ती म्हणाली, “एक हिंट दे.”

“पहले ऐड देखो, आजी.”

पोरी फिदीफिदी हसल्या. मीही हसले. वनमाला डबा मांडीवर धरून बसली. मग हळूच म्हणाली, “हरले.”

झाकण निघालं. आत तिचाच फोन. हात लागताच उजळला. राजहंस.

“खिरापत खायची वस्तू राहते वं,” ती म्हणाली.

“मैं जब से आई हूँ, आप दिन भर यही तो खा रही हो,” निधी म्हणाली. ती हसत नव्हती.

वनमालानं फोन ओच्यात टाकला, डबा उचलला, आत गेली आणि झाकण घट्ट लावून बाहेर आली. “डबा तुझा झाला. पण आतलं ओळख.”

“चकली?”

“नाही.”

“थोड़ा सा हिंट?”

“नाही.”

अंधार पडता पडता पुष्कर गाडी घेऊन आला तरी पोर ‘हरले’ म्हणेना. डबा कुशीत घेऊन गाडीत बसली.

“हरले म्हटल्याशिवाय उघडायचा नाही,” वनमालानं बजावलं.

“नहीं बोलूँगी.”

गाडी वळल्यावर मी विचारलं, “काय टाकलंस?”

“चार्जर. हाताले लागला तो टाकला.”

फोनमध्ये जेमतेम जीव होता, आणि अल्बम त्याच रात्री बंद होणार होता.

“मग सांग ना तिला, उघड म्हणून.”

“मंग ते हिंटच झाली ना.”

तसलाच चार्जर समोर माझ्या घरात आहे, हे तिला माहीत होतं. तिनं मागितला नाही, मी देते म्हटलं नाही. फोन वाजला. “आजी, लड्डू?” “नाही.” पुन्हा वाजला, आणि “आजी” म्हणता म्हणता विझला. कोपरा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा चार्जर आणला. हे लिहिलं नाही तर लोकांना वाटेल, बाई सुधारली. नवा अल्बम सुरू आहे, त्यात म्हणे सगळ्या मांजरीच आहेत. निधीनं अजून हार मानलेली नाही. तिचा फोन आला की वनमाला मांजर अर्धं सोडते, सगळं ऐकून घेते, आणि “नाही” म्हणते.